कोण कोणाचे कोण : मालिकांतील पात्रांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात दूरचित्रवाणी मालिकांतील नातेसंबंधांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी एकमेकांशी जुळणारी पत्रे एकत्र करून सहा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. ज्या मालिकांची उदाहरणे घेतली आहेत त्यांतील काहींचे शेवटही ओघात उघड झाले आहेत, याची त्या न पाहिलेल्या वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : कोणतीही दीर्घ मालिका घेतली तरी दोन-तीन वर्षांत तिच्यातील सगळी माणसे एकमेकांची सोयरी झालेली असतात. एकीचा दीर दुसरीचा प्रियकर निघतो, तिसरीची सावत्र मुलगी पहिलीच्या मुलाच्या प्रेमात पडते. जगात दुसरी माणसे उरलीच नाहीत काय? हा लेखकांचा आळस समजावा की यामागे काही विचार असतो?

उत्तर : आळस असतो आणि विचारही असतो, मात्र त्या दोहोंच्या आधी व्यवहार असतो. आठवड्यातून पाच-सहा दिवस दिसणारी मालिका ठरावीक कलाकारांवर आणि मोजक्या कायम सेटवर चालते. नवे पात्र आणायचे म्हणजे प्रेक्षकांना त्याची ओळख करून द्यायची, त्याचे घर उभे करायचे आणि त्याच्या सुखदुःखाशी त्यांना देणेघेणे वाटू लागेपर्यंत काही आठवडे धीर धरायचा. त्याउलट आधीच्याच दोन पात्रांचे प्रेम जुळवले, तर दोघांचाही भूतकाळ प्रेक्षकांना तोंडपाठ असतो आणि नवा ट्रॅक, म्हणजे उपकथानक, पहिल्याच भागापासून वेग घेतो. अमेरिकेतील 'गाइडिंग लाइट' ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये संपली. ७२ वर्षे गोष्ट चालवायची, तर जुन्याच माणसांना पुन्हा पुन्हा नव्या धाग्यांनी बांधण्यावाचून गत्यंतर नसते.

पण केवळ व्यवहार असता तर प्रेक्षक इतकी वर्षे थांबले नसते. दोन परक्या माणसांचे भांडण झाले, तर दोघे आपापल्या घरी निघून जाऊ शकतात. नात्याच्या जाळ्यात ती सोय नसते. ज्याच्याशी सकाळी वैर झाले, तोच संध्याकाळी बहिणीचा नवरा म्हणून समोर येऊन बसतो. 'डॅलस' ही मालिका १९७८ मध्ये सुरू झाली, तीच मुळी युइंग घराण्यातील बॉबी हा हाडवैऱ्याच्या, म्हणजे बार्न्सच्या, मुलीला, पामेलाला, लग्न करून घरी आणतो त्या प्रसंगापासून. त्या क्षणापासून पामेलाच्या प्रत्येक कृतीचा अर्थ दोनदा लावला जातो : ती सून म्हणून असे वागली की बार्न्सची मुलगी म्हणून? तिने साधे फोनवर कोणाशी बोलले तरी तिचा दीर जे. आर. संशयाने पाहतो आणि तिचा भाऊ आशेने. पामेला सुरुवातीला काही फार गुंतागुंतीची व्यक्तिरेखा म्हणून लिहिलेली नाही. तिच्यावर दोन घरांनी सांगितलेल्या हक्कांमुळे ती तशी होत जाते.

याच मालिकेत मार्च १९८० मध्ये जे. आर.वर गोळी झाडली गेली आणि ती कोणी झाडली याचे उत्तर नोव्हेंबरमध्ये मिळाले. आठ महिने जगभर तर्क चालले होते. त्याच्यावर सूड उगवावा असे वाटणारी निम्मी माणसे धंद्यातली होती. उत्तर मात्र निघाले क्रिस्टिन, म्हणजे त्याच्या बायकोची सख्खी बहीण आणि त्याची प्रेयसी. एखाद्या व्यावसायिक प्रतिस्पर्ध्याने गोळी झाडली असती, तर ती पोलिसांची गोष्ट झाली असती. मेहुणी आणि प्रेयसी ही दोन नाती एकाच बाईच्या ठिकाणी एकत्र आल्यामुळे ती घराची गोष्ट झाली, आणि पत्नी स्यू एलनलाही आपण नेमके कोणाकडून फसवले गेलो याचा हिशेब दोनदा करावा लागला.

आता आळसाविषयी. नवे नाते जुळवल्यानंतर त्या दोघांखेरीज आणखी कोणाचे काही बिघडते किंवा घडते का, एवढेच पाहावे. कोणाला मौन धरावे लागत नसेल, कोणाचे जुने आश्वासन अडचणीत येत नसेल, तर ते नाते केवळ भाग भरण्यासाठी आहे. अशी नाती पुष्कळ असतात, हे आपले निरीक्षण अचूक आहे.

प्रश्न : एका मालिकेवरून माझा आणि माझ्या मैत्रिणीचा नेहमी वाद होतो. मी म्हणते की खलनायिका मुळातच तशी आहे. ती म्हणते की घराने आणि प्रेमाने तिला तसे केले. पात्राचा स्वभाव आधी असतो की नाती आधी असतात?

उत्तर : कागदावर अनेकदा स्वभाव आधी लिहिला जातो : महत्त्वाकांक्षी, हट्टी, प्रेमळ, असे. पडद्यावर मात्र स्वभाव थेट दिसत नाही. दोन नात्यांनी एकाच वेळी हाक मारल्यावर माणूस कोणाकडे वळतो आणि कोणाकडे पाठ फिरवतो, तेवढेच दिसते, आणि त्यावरून स्वभावाचा अंदाज आपण करतो. म्हणून आपल्या दोघींच्या वादात मी आपल्या मैत्रिणीच्या बाजूने थोडा अधिक झुकतो.

याचे मला सुचणारे सर्वांत नेटके उदाहरण तुर्की आहे. 'आश्क-ई मेम्नू' ही मालिका २००८ ते २०१० या काळात चालली. तिचा आधार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेलेली एक कादंबरी आहे. तिची नायिका बिहतेर ही फिर्देव्स नावाच्या सुंदर आणि बदनाम बाईची मुलगी. आईच्या व्यभिचाराच्या धक्क्याने वडील गेले, अशी बिहतेरची खात्री आहे, आणि आपण आईसारखे व्हायचे नाही एवढ्या एकाच निर्धारावर ती उभी आहे. फिर्देव्सची नजर अदनान या श्रीमंत विधुरावर असते. तो मागणी घालतो ती मुलीला, आणि मुलगी होकार देते. या होकारात अदनानविषयीचा आदर आहे, सुरक्षिततेची ओढ आहे आणि आईवरचा सूडही आहे. यांतील कोणता भाग किती, हे तिलाही सांगता आले नसते. पुढे अदनानच्या घरात त्याने पुतण्या म्हणून वाढवलेला बेहलूल तिच्या आयुष्यात येतो आणि ती त्याच्या प्रेमात पडते. आईसारखे न होण्यासाठी केलेले लग्नच तिला आईच्या जागी नेऊन उभे करते. त्यातच बेहलूलचे लग्न अदनानच्या मुलीशी, निहालशी, ठरते. म्हणजे बिहतेर आता जिची सावत्र आई आहे तिचीच प्रतिस्पर्धी होते. या सगळ्याची वाच्यता करण्याची ताकद कोणाच्या हाती असते? फिर्देव्सच्या. मुलीचे गुपित आईला कळते, आणि ज्या आईपासून पळायचे होते तिच्याच मुठीत ती सापडते. जून २०१० मध्ये दाखवल्या गेलेल्या शेवटच्या भागात, निहालच्या लग्नाच्या दिवशी, बिहतेर स्वतःला गोळी मारून घेते.

बिहतेरला 'मुळात वाईट' म्हणायचे तर तो वाईटपणा कोठे ठेवायचा? मुलगी म्हणून ती आईविरुद्ध न्याय मागते. पत्नी म्हणून सुरुवातीला ती प्रामाणिक राहू पाहते, सावत्र मुलांना जिंकण्याचा प्रयत्नही करते. प्रेयसी म्हणून ती बेहलूलपेक्षा कितीतरी धीट आहे. प्रत्येक नात्यात ती वेगळी आणि समजण्याजोगी आहे. ती असह्य होते ती या चारही नात्यांचा भार एकाच छपराखाली एकाच वेळी पडल्यामुळे. (बेहलूलविषयी मात्र माझी सहानुभूती फारशी नाही. दोन्ही बाजूंनी ओढ बसली की तो दाराकडे पाहतो. तेही स्वभावदर्शनच आहे.)

आपल्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नाती सारखी असूनही माणसे सारखी होत नाहीत. 'सक्सेशन' या अमेरिकी मालिकेत एकाच बापाच्या धाकात वाढलेली भावंडे आहेत, आणि तो धाक केंडलमध्ये हाव म्हणून, रोमनमध्ये टवाळी म्हणून, तर शिव या बहिणीमध्ये थंड हिशेबीपणा म्हणून उतरला आहे. मे २०२३ मधील शेवटच्या भागात बापाची कंपनी विकायची की केंडलच्या हाती द्यायची हे शिवच्या एका मतावर ठरते. ती भावाविरुद्ध मत देते आणि त्यामुळे तिचा नवरा टॉम, ज्याने तिचा पूर्वी विश्वासघात केला होता, मुख्याधिकारी होतो. तिने हे बहीण म्हणून केले, मुलगी म्हणून केले की होणाऱ्या बाळाची आई म्हणून केले, हे मालिका सांगत नाही. गाडीत नवऱ्याने पुढे केलेल्या हातावर ती आपला हात नुसता ठेवते, पकडत नाही. त्या एका हालचालीवर आपण आणि आपली मैत्रीण आणखी सहा महिने वाद घालू शकाल.

प्रश्न : जन्माचे रहस्य उघड होणे आणि प्रेमी युगुल भाऊ-बहीण निघण्याची भीती, ही युक्ती अजून किती वर्षे चालणार?

उत्तर : बराच काळ चालेल, कारण कुटुंब आणि प्रेम यांतील कुंपण एका वाक्यात हलवणारी दुसरी युक्ती कोणाला सापडलेली नाही. २००२ मधील 'विंटर सोनाटा' या कोरियन मालिकेत नायक वडिलांच्या शोधात निघतो, नायिकेच्या प्रेमात पडतो आणि पुढे त्याला कळते की तिचे वडील तेच आपले वडील. ते खोटे निघते. त्याचे खरे वडील हे त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे वडील असतात. म्हणजे जिला गमावण्याची भीती होती ती बहीण नव्हती, आणि ज्याच्याशी तिच्यासाठी झगडा चालला होता तो भाऊ होता. या मालिकेत युक्ती खपून जाते, कारण वडिलांचा शोध ही नायकाची पहिल्या भागापासूनची तहान आहे. जेथे रहस्य उघड होण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत पात्राला आपल्या जन्माविषयी एकही प्रश्न पडलेला नसतो, तेथे ती युक्ती उघडी पडते.

प्रश्न : एखादा कलाकार मालिका सोडतो, त्याचे पात्र मारले जाते आणि मागे उरलेला जोडीदार अचानक निराळाच माणूस होतो. हे प्रेक्षकांना गृहीत धरणे नाही काय?

उत्तर : मृत्यू घाईने लिहिला गेला असेल, तरी त्यानंतरचे दुःख घाईने लिहिले पाहिजे असे नाही. 'डाउनटन ॲबी' या ब्रिटिश मालिकेत २०१२ च्या एकाच वर्षात दोन कलाकार बाहेर पडले आणि दोन मृत्यू लिहावे लागले. त्यांपैकी त्यातील जमीनदार घराण्याच्या धाकट्या मुलीचा, सिबिलचा, मृत्यू मला अधिक फलदायी वाटतो. तिचा नवरा टॉम ब्रॅन्सन हा त्या घराचा पूर्वीचा मोटारचालक, आयरिश, आणि जमीनदारी व्यवस्थेविषयी मनातून चीड असलेला. सिबिल जिवंत असेपर्यंत या घराशी त्याचे नाते तिच्यामार्फत होते आणि तो त्या घराचा विरोधक राहू शकत होता. बाळंतपणात ती जाते, मुलगी मागे राहते, आणि ज्या दुव्यामुळे तो घरात आला तो तुटल्यावरही त्याला घर सोडता येत नाही. पुढे तो त्याच इस्टेटीचा कारभार पाहू लागतो. पत्रलेखक याला 'निराळाच माणूस होणे' म्हणतील. मला तो तोच माणूस वाटतो. पत्नी गेल्याने त्याच्यावर आता मुलीचा, सासूचा आणि मृत पत्नीच्या आठवणीचा असा तिहेरी हक्क आला आहे, आणि त्या हक्कांपुढे त्याची मते बोथट होत जाताना त्याला स्वतःलाच लाज वाटते. ही लाज लेखकाने सोडून दिली नाही, म्हणून बदल पटतो.

आपली तक्रार ज्याला लागू पडते असे उदाहरण पुन्हा 'डॅलस'चेच आहे. बॉबीची भूमिका करणारा अभिनेता बाहेर पडला म्हणून १९८५ मध्ये बॉबी मेला; अभिनेता परत आला म्हणून १९८६ मध्ये तो न्हाणीघरात अंघोळ करताना सापडला, आणि मधले संपूर्ण पर्व पामेलाचे स्वप्न होते असे जाहीर झाले. मेलेला माणूस परत येणे मालिकांत चालून जाते. न चालणारी गोष्ट निराळी होती. त्या वर्षभरात पामेलाने बॉबीच्या मृत्यूचे दुःख सोसले होते, दुसरे लग्न केले होते, इतरांची नाती त्याभोवती बदलली होती. ते सगळे कोणी सोसलेच नव्हते असे ठरले. पात्राकडून त्याने मोजलेली किंमत काढून घेतली की हाती फक्त चेहरा उरतो.

प्रश्न : सुखी जोडपे लेखकांना का बघवत नाही?

उत्तर : सुखी जोडप्यात भांडण नसते, असा एक समज आहे, आणि तो खुद्द लेखकांचाच आहे. २००६ ते २०११ या काळातील 'फ्रायडे नाइट लाइट्स' या मालिकेतील एरिक आणि टॅमी टेलर हे दांपत्य पाच पर्वे एकमेकांशी एकनिष्ठ राहिले, आणि तरीही त्यांचे प्रसंग मालिकेतील सर्वांत ताणाचे आहेत. एरिक फुटबॉल प्रशिक्षक. त्याच्या नोकरीसाठी टॅमीने वर्षानुवर्षे आपली पावले आखडती घेतलेली. शेवटच्या पर्वात तिला दूरच्या शहरातील महाविद्यालयात मोठे पद देऊ केले जाते आणि त्याच वेळी त्यालाही हवा तसा करार समोर येतो. कोणीही खोटे बोलत नाही, तिसरी व्यक्ती नाही. प्रश्न एवढाच आहे की या वेळी कोणी कोणासाठी सोडायचे. एरिकला ते उमगायला जो वेळ लागतो, त्या वेळात तो नवरा म्हणून जितका कळतो तितका मैदानावर कधीच कळत नाही. विवाहबाह्य प्रकरण हा लिहायला सोपा मार्ग आहे, म्हणून तो नेहमी घेतला जातो. माझ्या मते यापलीकडे त्याचे समर्थन नाही.

प्रश्न : मी पहिलीच मालिका लिहीत आहे. तीन कुटुंबे, सतरा पात्रे, सगळ्यांच्या नात्यांचा मोठा तक्ता भिंतीवर लावला आहे. तरीही संवाद लिहायला बसलो की सगळी पात्रे सारखीच बोलतात. काय चुकत असावे?

उत्तर : तक्ता काढणे चुकलेले नाही, पण तक्त्यावर रेषा असतात आणि रेषांना वजन नसते. 'हा हिचा मामा' एवढे लिहिल्याने काहीच ठरत नाही. त्या मामाने तिच्या शिक्षणासाठी काही विकले होते काय, तिला ते ठाऊक आहे काय, आणि ते तिच्या नवऱ्यापासून लपवले आहे काय, हे त्या रेषेवर लिहावे लागते. कोणाचे कोणाकडे काय येणे आहे आणि ते कोणाला माहीत नाही, या दोन गोष्टी ठरल्या की निम्मे काम होते.

नंतर एक नाते पुसून पाहावे. कोलंबियातील 'बेटी, ला फेआ' ही मालिका १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिची रूपांतरे अनेक देशांत झाली. मूळ मालिकेत बेटी ही आईवडिलांची एकुलती मुलगी आहे. कडक वडिलांच्या नजरेखालची ही मुलगी मालकाच्या प्रेमात पडते आणि अखेरीस त्याच्याशी लग्न करते. २००६ मधील अमेरिकी रूपांतरात आई वारलेली आहे, मोठी बहीण आहे आणि त्या बहिणीचा मुलगा आहे. एवढ्या बदलाने नायिकेचा गुरुत्वमध्य सरकला. ती आता घरात कोणाचे तरी लेकरू कमी आणि घर सावरणारी अधिक झाली, मालकाशी असलेले तिचे नाते बराच काळ मैत्रीचेच राहिले, आणि शेवटी ती नोकरीसाठी दुसऱ्या देशात निघून जाते. आपल्या तक्त्यातील एखादे नाव खोडल्यावर जर नायक-नायिकेच्या वागण्यात काहीच फरक पडत नसेल, तर ते नाव खोडलेलेच ठेवावे. सतरांचे अकरा झाले तरी वाईट वाटून घेऊ नये.

सारखे बोलण्याच्या तक्रारीवर एक उपाय मराठीने आपल्याला फुकट दिला आहे. प्रत्येक पात्र कोणाला 'तू' म्हणते, कोणाला 'तुम्ही' म्हणते, आणि कोणाच्या बाबतीत संबोधनच टाळून बोलते, याची यादी करावी. जो मुलगा वडिलांशी बोलताना कोणतेच सर्वनाम वापरत नाही, त्याची वाक्यरचना आपोआप वेगळी होईल. हे संबोधन कोणत्या भागात बदलणार, हेही आधीच ठरवून ठेवावे. कधी कधी तोच त्या भागाचा हुक पॉइंट, म्हणजे पुढचा भाग पाहायला लावणारा क्षण, असतो.

संबोधनाचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे त्यातील खोटेपणा. 'द सोप्रानोज' या गुन्हेगारी टोळीवरील मालिकेत टोळीप्रमुख टोनी आपल्या टोळीतील ख्रिस्तोफरला पुतण्या म्हणतो. वस्तुतः तो टोनीच्या बायकोचा चुलत नातलग आहे. 'पुतण्या' हा शब्द टोनीने निवडलेला आहे, आणि त्या शब्दाची परतफेड तो आयुष्यभर मागत राहतो. २००४ मधील एका भागात ख्रिस्तोफरची वाग्दत्त वधू एड्रियाना त्याला सांगते की आपण एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेला माहिती देत होतो. दोघांनी पळून जाऊन नवे आयुष्य सुरू करावे, असे ती सुचवते. तो आधी तिला मारहाण करतो, मग रडतो, मग बाहेर पडतो. पेट्रोल पंपावर त्याला जुनाट गाडीत मुलाबाळांना कोंबून निघालेले एक गरीब कुटुंब दिसते. तो त्यांच्याकडे काही क्षण पाहतो. यानंतर त्याने काका म्हणवणाऱ्या माणसाकडे जाऊन काय सांगितले, हे त्या भागात दाखवलेले नाही. दिसते ती एड्रियानाला मारण्यासाठी घेऊन निघालेली गाडी.

आपण हा प्रसंग प्रथम तक्त्यावर मांडून पाहावा. तेथे दोनच रेषा असतील : एक वाग्दत्त वधूकडे, एक तथाकथित काकाकडे. निर्णय ज्यामुळे झाला ते गाडीतले कुटुंब तक्त्यावर कोठेच नसेल, कारण ते ख्रिस्तोफरचे कोणीच नाही. तिच्याबरोबर गेलो तर आपले घर असे दिसेल, एवढेच त्याने त्यात पाहिले. आपल्या नायकाला असे काय दिसेल, हे ठरवून मग पहिला संवाद लिहायला घ्यावा.